संगमावरचा वकील

१७७५ च्या फेब्रुवारीत गुजरातेत आडासच्या मैदानावर हरिपंत फडक्यांनी पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांचा धुव्वा उडवला आणि दादा उरलेसुरले स्वार घेऊन खंबायतेकडे पळाले. खंबायतेच्या नवाबाने कानांवर हात ठेवले. पुण्याचा कारभार पाहणाऱ्या बारभाईंशी वैर पत्करून हरलेल्या माणसाला आसरा देण्याची त्याची छाती नव्हती. त्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा एक बावीस वर्षांचा अंमलदार राहत होता. त्याने दादांना गुपचूप भावनगरकडे काढून दिले आणि तिथून दादा समुद्रमार्गे सुरतेला पोचले. मार्चमध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी आणि वसई देण्याच्या बोलीवर इंग्रजांनी दादांचा पक्ष उचलला आणि इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध पेटले. नवाबाने दरवाजा लावून घेतला त्याच रात्री दादा फडक्यांच्या हाती सापडते, तर पुढची सात वर्षे वेगळी गेली असती.

त्या अंमलदाराचे नाव चार्ल्स वॉर मॅलेट. आणि नवल असे की अकरा वर्षांनी, १७८६ च्या मार्चमध्ये, हाच माणूस कंपनी सरकारचा वकील म्हणून पुण्यात दाखल झाला, तोही पुणे दरबारचे कारभारी नाना फडणवीस यांच्या संमतीने. दादांना ज्याने वाचवले, त्याला दादांच्या कट्टर वैऱ्याने दारात उभे का करावे? नानांची स्मरणशक्ती अधू होती असे त्यांच्या शत्रूंनीही कधी म्हटलेले नाही.

उत्तर मॅलेटमध्ये नाही, महादजी शिंद्यांमध्ये आहे. १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला आणि तो पाळला जाईल याचे जामीनही तेच राहिले. तेव्हापासून पुणे दरबाराला इंग्रजांशी काही बोलायचे तर शिंद्यांच्या छावणीतल्या इंग्रज वकिलामार्फत बोलावे लागे. म्हणजे नानांचे प्रत्येक पत्र महादजींच्या नजरेखालून जायचे. उत्तरेत बादशहाचा कारभार हातात घेऊन बसलेला सरदार धन्याच्याही परराष्ट्र व्यवहाराची किल्ली कनवटीला लावून बसला होता. नानांना ती किल्ली परत हवी होती. पुण्यात वेगळा इंग्रज वकील आला की शिंद्यांची मध्यस्थी आपोआप सुटणार होती. मग तो वकील दादांचा तारणहार का असेना.

कंपनीला तर हे हवेच होते. मात्र महादजींना दुखवून चालणार नव्हते. म्हणून मॅलेटला पुण्याला धाडण्याआधी शिंद्यांची परवानगी काढायला पाठवले. १७८५ च्या भर उन्हाळ्यात तो सुरतेहून माळव्यातून, उज्जैन-ग्वाल्हेरवरून आग्रा-मथुरेच्या मुलखात शिंद्यांच्या छावणीत गेला. बरोबर क्रूसो नावाचा डॉक्टर होता. या डॉक्टराची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे. महादजींनी आढेवेढे घेतले. ते साहजिक होते, कारण आपल्या हातातले काय निसटते आहे ते त्यांना दिसत होते. शेवटी होकार मिळाला. मॅलेट बादशहा शाह आलमला भेटला, कलकत्त्याला जाऊन आला आणि मग पुण्याला आला. मराठी राज्याच्या दोन थोर पुरुषांनी एकमेकांवर नजर ठेवण्याच्या नादात तिसऱ्याला घरात घेतले, असे माझे या प्रकरणाबद्दलचे मत आहे. १७९० च्या तहाबद्दल, खर्ड्याबद्दल, वसईच्या तहाबद्दल आपण तावातावाने वाद घालतो. दार मात्र १७८६ मध्येच उघडले गेले होते, आणि ते आतून उघडले गेले.

मॅलेट हा सॉमरसेट परगण्यातल्या कूम फ्लोरी गावच्या पाद्र्याचा थोरला मुलगा. १७५२ चा जन्म. अठराव्या वर्षी मुंबईत कंपनीच्या चाकरीत आला. खंबायतेतली दहा-अकरा वर्षे ही त्याची खरी शाळा. नवाब, पेशव्यांचे अंमलदार, व्यापारी, दलाल यांच्यात वावरताना कुणाचे बोलणे किती खरे धरायचे हे तो तिथे शिकला. त्या काळच्या कंपनीच्या नोकरांत शूर आणि लोभी माणसे पुष्कळ होती. हा त्यातला नव्हता. हा बसणारा, बघणारा आणि लिहिणारा माणूस होता.

पुण्यात आला तेव्हा नानांचे चित्त टिपूकडे होते. टिपूने नरगुंद घेतले होते आणि मराठी फौजा बदामीच्या रोखाने निघाल्या होत्या. गव्हर्नर जनरलच्या गादीवर तात्पुरते बसलेले मॅक्फर्सनसाहेब नानांना काही पलटणी देण्याचे बोलून बसले. नाना खूश झाले. तेवढ्यात कॉर्नवॉलिस आला आणि त्याने तो शब्द मोडीत काढला. वचन एकाचे, नकार दुसऱ्याचा, आणि तो नकार नानांच्या तोंडावर सांगायचा मॅलेटने. नव्या वकिलावर यापेक्षा वाईट प्रसंग येऊ नये. तरीही तो टिकला. पुढच्या वर्षी मराठ्यांनी टिपूशी गजेंद्रगडचा तह करून हात झाडले, आणि मॅलेट पुण्यात मुक्काम ठोकून राहिला.

मुळा आणि मुठा जिथे मिळतात तिथे, शहराबाहेर, इंग्रज वकिलाला जागा मिळाली. संगमावर बंगला उठला, बाग झाली, शागिर्दपेशा आणि शिपाई आले. जागा शहरापासून दूर, पण इतकी दूर नव्हे की शहरातली बातमी शिळी होऊन यावी. दरबारचा माणूस म्हणून बहिरो रघुनाथ मेहेंदळे यांच्याकडे मॅलेटशी बोलण्याचे काम होते. नाना मेहेंदळ्यांना सांगत, मेहेंदळे संगमावर जात, मॅलेट ऐकून घेत आणि रात्री कलकत्त्याला आणि मुंबईला पत्र लिहीत. अकरा वर्षे हा रिवाज चालला. त्या पत्रांचा जाडजूड खंड १९३६ मध्ये रियासतकार सरदेसायांनी छापून काढला. कोणता सरदार कुणाकडे जेवायला गेला, कुणाचे कुणाशी फाटले, कोणता सावकार हात आखडता घेतो आहे, हे सगळे त्यात आहे. सुतावरून त्याने स्वर्ग गाठलेला दिसत नाही. खात्री नसेल तिथे तो तसे लिहितो, आणि याच सवयीमुळे तो धोकादायक होता.

बातम्या गोळा करण्यात नाना त्याला हार जाणारे नव्हते. हिंदुस्थानभर त्यांचे वकील आणि बातमीदार होते, कलकत्त्यालाही होते. पण विलायतेत कुणी नव्हते. मराठ्यांचा एकच वकील त्या काळात लंडनला जाऊन आला होता, हणमंतराव. त्याच्या सोबतीला मणियार पारशी होता. १७८१ मध्ये पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याने त्यांची बडदास्त ठेवली. पण हा वकील पाठवला होता राघोबादादांनी! कंपनीचा धनी कोण, पार्लमेंट म्हणजे काय, कॉर्नवॉलिस मॅक्फर्सनचा शब्द का मोडू शकतो, हे नानांना मॅलेटच्या तोंडून जेवढे कळेल तेवढेच कळणार होते.

१७८९ च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला आणि मॅलेटची वेळ आली. आता पलटणींची गरज नानांना नव्हती, घोडेस्वारांची गरज कॉर्नवॉलिसला होती. नानांनी घाई केली नाही. टिपूचेही वकील पुण्यात होतेच; नानांनी त्यांनाही बोलण्यात ठेवले आणि मॅलेटला झुलवत आपल्या अटी पदरात पाडून घेतल्या. १ जून १७९० रोजी पुण्यात तह झाला. पेशवे, निजाम आणि कंपनी, तिघांनी मिळून टिपूवर चालून जायचे आणि जिंकलेला मुलूख सारखा वाटून घ्यायचा. महादजींनी सामील होण्यासाठी घातलेल्या अटी इंग्रजांनी मानल्या नाहीत. टिपू पुरता नाहीसा होणे मराठ्यांच्या हिताचे नाही, असे त्यांचे मत होते. मागाहून पाहता महादजी बरोबर ठरतात. पण नरगुंद-कित्तूरची राख ताजी असताना नानांनी जो हिशेब मांडला, त्याला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

तहाने फळ दिले. कॅप्टन लिटलची मुंबईकर पलटण आंबा घाट चढून परशुरामभाऊ पटवर्धनांना मिळाली आणि महिनोन्‌महिने वेढा चालून १७९१ च्या एप्रिलमध्ये धारवाड पडले. मेमध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी उपाशी फौज घेऊन अडकला. बैल मेले, तोफा फोडून टाकाव्या लागल्या. तो माघार घेत असताना हरिपंत आणि परशुरामभाऊ येऊन ठेपले आणि मराठी छावणीच्या बाजारात इंग्रज शिपायांना धान्य मिळाले, चढ्या भावाने का होईना. १७९२ च्या मार्चमध्ये टिपूने अर्धे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये कबूल केले. मॅलेटला त्याआधीच, १७९१ मध्ये, बॅरोनेटचा किताब मिळाला होता. पाद्र्याचा पोर सर चार्ल्स झाला.

१७९० च्या पुण्याच्या तहाचे एक प्रचंड तैलचित्र आहे. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, सुरूचे खांब, मागे गणपतीची मूर्ती, सोळा वर्षांचे पेशवे सवाई माधवराव, समोर नाना, आणि तहाचा कागद पेशव्यांच्या हाती देणारा मॅलेट. इंग्रज मंडळी सगळी खाली, बैठकीवर. मराठी राज्याच्या ऐन भरातला हा दरबार आपण पुस्तकांतून पाहत आलो आहोत. पण चित्रकार टॉमस डॅनियल त्या दिवशी दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्याने ते रंगवले, तो स्कॉटिश चितारी जेम्स वेल्स हासुद्धा नव्हता. तो पुण्यात आला १७९२ मध्ये. वेल्सने पेशव्यांना, नानांना, महादजींना समोर बसवून चितारले आणि त्या चेहऱ्यांची मग दरबारात मांडणी झाली. वेल्स १७९५ मध्ये वारला, काम डॅनियलकडे गेले आणि १८०५ मध्ये चित्र लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. तोवर सवाई माधवराव नव्हते, नाना नव्हते, महादजी नव्हते आणि दुसऱ्या बाजीरावाने वसईला सही करून तीन वर्षे होत आली होती. लंडनकरांनी ते चित्र काय म्हणून पाहिले असेल, हा वेगळा प्रश्न. चित्र काढायची ऊर्मी तर मॅलेटचीच होती. आपला मोठा दिवस पक्का करून ठेवायची सोय त्याने केली.

याच वेल्समुळे नानांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे. उंच, सडपातळ, लांबट तोंडाचे, मिटल्या ओठांचे नाना ही प्रतिमा वेल्सच्या कुंचल्यातून उतरली आहे. पेशवे आणि नाना एकत्र असलेले त्याचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

मॅलेटच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक छोटी शाळाही चालली. पेशव्यांनी जागा दिली, वेल्सने शिकवले. तिथला गंगाराम तांबट हा मॅलेटचा आवडता चितारी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने काढला आहे: कातडीच्या घड्या, छोटे डोळे, साखळदंड, सगळे जिथल्या तिथे. वेरूळची लेणी मॅलेट स्वतः पाहून आला आणि गंगारामकडून त्यांची चित्रे काढून घेतली. मॅलेटने लिहिलेले वेरूळचे वर्णन चित्रांसह कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. कैलास लेण्याचे सविस्तर वर्णन युरोपात ज्यांच्यामुळे पोचले, त्यांच्यात तो पहिल्या काहींपैकी. लेणी कुणी खोदली याबद्दल त्याने बांधलेले अंदाज आज हसू आणतील, पण मोजमापे त्याने नीट घेतली.

आता क्रूसो डॉक्टर. टिपूवरच्या स्वारीत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान होता. (नाव पारशी वाटते, पण वृत्तांतात त्याला मराठाच म्हटले आहे.) तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभर तो नकटाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक केले, आणि ते होताना क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर शेजारी उभे राहून पाहत होते.

कुंभाराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलून काढली, पण दोन भुवयांच्या मध्ये ती पट्टीसारखी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त चालू राहते. जुन्या नाकाच्या थोटकाभोवती खाच पाडली. मग कपाळाची कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि तिची कड त्या खाचेत बसवली. टाका नाही. काताचा पाण्यात भिजवलेला लेप फडक्यावर पसरून त्याच्या पट्ट्या एकावर एक लावल्या. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या चिंध्या घालायच्या, भोके बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली जोडपट्टी कापून टाकायची. कावसजीचे नाक धरले. वेल्सने त्याचे चित्र काढले आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हकीगत चित्रासह छापून आली.

वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याने हीच क्रिया इंग्लंडात केली. करण्याआधी त्याने पत्र पाठवून म्हाताऱ्या मॅलेटला विचारले: खरे आहे का हे? मॅलेटने कळवले की खरे आहे. हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आलेले आहे, कुंभार किंवा विटा पाडणारे लोक ते करतात, आणि नेहमी नाही तरी बहुतेक वेळा ते साधते. चार ओळींत चोख साक्ष. कुंभाराचे नाव मात्र क्रूसोने टिपले नाही आणि मॅलेटनेही नाही. कोणत्या सरदाराचा कारकून काय म्हणाला हे ज्याच्या कागदांत सापडते, त्याच्या कागदांत ते नाव नाही, याची मला चुटपुट लागून राहिली आहे.

पुण्याचा तो काळ विलक्षण होता आणि मॅलेट त्याच्या ऐन मध्यावर बसला होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचला, तेव्हा मॅलेट पुण्यात होता. १७९२ मध्ये महादजी उत्तरेतून आले, बादशाही वकील-इ-मुतलकीची वस्त्रे पेशव्यांना देण्याचा थाट झाला. दीड वर्षाने, १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, महादजी वानवडीच्या छावणीत वारले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यावर निजामाचा पाडाव झाला. नाना आता निष्कंटक झाले असे वाटते न वाटते तोच दसरा झाल्यावर २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी गेले. पडले की उडी घेतली, हा वाद तेव्हाच सुरू झाला. मॅलेटने हकीगत वर कळवली आणि गादीचा वारस कोण, नाना काय करतील, शिंदे काय करतील, याचा अंदाज बांधायला बसला.

पुढचे वर्ष त्याच्या वहीत भरगच्च आहे. दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा याला दत्तक देऊन गादीवर बसवले. नाना जीव वाचवायला आधी वाईला आणि मग महाडला गेले. परशुरामभाऊ, महादजींचा वारस दौलतराव शिंदे, त्याचा कारभारी बाळोबा पागनीस यांच्या कोलांट्या झाल्या आणि १७९६ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाला वस्त्रे मिळाली. म्हणजे मॅलेटने ज्याला खंबायतेतून सुखरूप बाहेर काढले, त्याचाच मुलगा पेशवा झाला. मॅलेटने यात कुणाची बाजू घेतली नाही. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरचे तटस्थतेचे धोरण होते आणि काही करण्याची गरजही नव्हती. १७९७ च्या आरंभी त्याने पुणे सोडले आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थान.

त्याच्या घरची कथा तहांच्या कागदांत येत नाही. हिंदुस्थानात असताना अंबर कौर ही बिबी त्याच्या घरात होती, तिच्यापासून त्याला तीन मुले झाली. वेल्सने तिचेही चित्र काढले आहे. त्या पिढीच्या इंग्रजांत हे सर्रास चाले आणि लग्न करायची वेळ आली की त्यावर पडदा पडे. मॅलेटने इंग्लंडात १७९९ मध्ये लग्न केले ते वेल्सच्या पोरक्या मुलीशी, सुझानाशी. तो तिच्या दुप्पट वयाचा होता. त्यांना आठ मुलगे झाले. विल्टशरमध्ये विल्बरी हाउस घेऊन तो तिथे राहिला आणि १८१५ च्या जानेवारीत वारला.

संगमावरचा बंगला त्याच्यामागे तीन वर्षेही टिकला नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई जुंपली त्या दिवशी, मराठी स्वारांनी तो जाळला. त्या वेळी तिथे इंग्रज वकील म्हणून एल्फिन्स्टन होता. त्याची पुस्तके, कागद सगळे त्यात गेले.

मॅलेटच्या मुलांतला थोरला अलेक्झांडर परराष्ट्र खात्यात शिरला आणि फ्रँकफुर्टला जर्मन संघाकडे इंग्लंडचा वकील होता. बिस्मार्कशी त्याचा चांगला घरोबा होता. अलेक्झांडरचा मुलगा एडवर्ड मॅलेट १८८४-८५ मध्ये बर्लिनला इंग्लंडचा राजदूत होता आणि आफ्रिकेच्या वाटपाची परिषद बसली तेव्हा इंग्लंडच्या खुर्चीवर तोच होता. सर चार्ल्सचे दुसरे काही मुलगे मुंबई इलाख्यात आले. त्यातला ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता. १८५० च्या मेमध्ये तो चौक गावी तळ देऊन राहिला होता. उकाड्याने हैराण होऊन तो गावच्या पाटलाला बरोबर घेऊन समोरच्या डोंगरावर चढला, वर गर्द झाडी आणि पाणी पाहून हरखला आणि रामबागेच्या वाटेने उतरला. पुढे त्याने तिथे घर बांधले, मागोमाग मुंबईचे साहेबलोक आले आणि माथेरान वसले.